पडवीचा कोपरा



ईस्टरचा दुसरा दिवस आमच्या घरी सणाचा नसतो, कामाचा असतो. पवित्र आठवड्यात धर्मगुरूला मान वर करायला सवड नसते. पुनरुत्थान रविवारची शेवटची मिस्सा आटोपली, की दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आईकडे जातो. तिथे जरा पाठ टेकू, अशी आशा दर वर्षी असते आणि दर वर्षी आई दारातच जुना सदरा हातात ठेवते.

वसईतल्या वाडीत चैत्र संपत आला, की सगळ्या कामांना पावसाची घाई लागते. माडाच्या सुक्या झावळ्या उतरवायच्या, लाकूडफाटा पडवीत रचायचा, विहिरीकाठची झुडपे तोडायची, मिरच्या वाळवायच्या, कौले चाळायची. बावखलाचा तळ उघडा पडला असेल तर गाळ काढून केळींच्या बुंध्यांना घालायचा. (हल्लीच्या मुलांना बावखल दाखवायचे तर शोधत जावे लागते. पुष्कळशी बुजवली गेली. आमचे अजून आहे, ते केवळ आईच्या हट्टामुळे.)

ज्यांनी ही कामे केली आहेत, त्यांना ठाऊक आहे की वाडीतल्या प्रत्येक ढिगाला कोणी ना कोणी भाडेकरू असतो. झावळ्या उचलल्या की विंचू, गाळ उपसला की कासव, लाकडे हलवली की धामण. कुंपण छाटायला कोयता उगारावा, तर नेमके त्याच फांदीवर बुलबुलाचे घरटे आणि त्यात दोन-तीन अंडी. वर्षभर आपण त्यांच्याकडे पाहत नाही. या दोन महिन्यांत मात्र गाठ पडते आणि काहीतरी ठरवावे लागते.

आम्ही लहान असताना हे ठरवणे फार सोपे होते. आम्ही सात-आठ वर्षांचे असू. लाकडांच्या राशीखालून एक लांबलचक जनावर निघाले. मोठी माणसे काठ्या घेऊन धावली आणि आम्ही मुलांनी दगड मारले. नंतर शेजारचे एक आजोबा आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर धामण. हिला विष कुठे?" कोणी काही बोलले नाही. आम्ही मुलांनी ती काठीवर लटकवून आळीभर मिरवली. आमचा दगड तिला लागला होता की नाही, हे आम्हांला आजही माहीत नाही. लागला असावा, असे वाटते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२५ साली ईस्टरचा सोमवार २१ एप्रिलला आला. आमच्या घराला स्लॅब आहे, पण मागच्या पडवीवर अजून मंगलोरी कौले आहेत. त्या पडवीत थोरल्या भावाची बियाण्याच्या भाताची कणगी, वहिनीचे मसाल्याचे डबे, सरपण आणि कोणालाच टाकवत नाही अशी एक सायकल असते. कौले चाळायला तुंगारेश्वराच्या पायथ्याकडून एक आदिवासी काका येतात. गेली कित्येक वर्षे तेच येतात. त्यांनी आम्हांला दोन दिवस दिले होते. बुधवारपासून त्यांना दुसऱ्यांचे छप्पर धरायचे होते. त्यांच्या कामाचे दिवस उन्हाळ्यातले तेवढेच. ओल्या कौलावर कोण चढवणार?

सकाळी अकराच्या सुमारास काका वरून हळूच म्हणाले, "फादर, शिडीवर या. आवाज करू नका."

आढ्याखाली, भिंत आणि वासा यांच्या बेचक्यात, काथ्याच्या चोथ्यावर एक उदमांजर पडले होते. काळपट तोंड, पाठीवर काळे पट्टे. पोटाशी तीन पिल्ले, डोळे न उघडलेली. उन्हाचा एक पट्टा काढलेल्या कौलातून थेट त्यांच्यावर पडला होता. ती आई पळाली नाही. तिने दात दाखवले आणि पिल्लांवर आणखी थोडी सरकली. आम्ही शिडीवरून उतरलो. काकांनी काढलेली दोन कौले परत जागेवर ठेवली.

जेवायला बसलो आणि वाद सुरू झाला. धाकटा म्हणाला, "यात विचार कसला करायचा? पोत्यात भरायची आणि लांब नेऊन सोडायची. चिकू एक शिल्लक ठेवत नाही ती." पुतणी नववीत आहे. तिने सांगितले, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पकडणे गुन्हा आहे, आणि शिवाय उदमांजर फळे खाऊन बिया लांबवर पसरवते, म्हणजे ते उपयोगी आहे. "आपल्या वाडीत झाडे लावायला तिची गरज नाही," धाकटा म्हणाला. वहिनींनी वासाचे आणि घाणीचे सांगितले. तेही खरेच होते. थोरला भाऊ शेवटी बोलला, आणि त्याचेच बोलणे सर्वांत वजनदार होते: "तुम्ही सगळे बोलता. पाऊस पडेल तो माझ्या कणगीवर. काका परवा गेले की मे सरेपर्यंत मिळत नाहीत."

आई इतका वेळ गप्प होती. बाहेरचे कोणी असले की ती आम्हांला 'फादर' म्हणते, एरवी 'बाळा'. काका ओट्यावर जेवत होते, तरी तिने 'बाळा' म्हटले. "बाळा, तू सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलास ना? मग सांग."

आम्ही सांगायला लागलो. देकार्तने जनावरांना यंत्रासारखे मानले होते, तिथपासून सुरुवात केली. मग संत थॉमस अक्वायनस यांच्यावर आलो. जुन्या करारात प्राण्यांविषयी दया दाखवणारे नियम आहेत. त्यांचे कारण संत थॉमस असे देतात, की जनावरांशी निर्दय वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही निर्दय वागू लागतो. जनावरांवर दया करायची सवय लागली, की माणसांवरही दया करणे सोपे जाते. त्यानंतर पाचशे वर्षांनी कांटने जवळजवळ हेच सांगितले. धाकटा पाव मोडता मोडता म्हणाला, "म्हणजे ती उदमांजर आपल्या सरावासाठी आहे?"

त्याला काय उत्तर द्यावे, या विचारात आम्ही होतो आणि तेवढ्यात फोन वाजला. पोप फ्रान्सिस देवाघरी गेले होते. आदल्याच दिवशी टीव्हीवर त्यांना सज्ज्यात बसून आशीर्वाद देताना आम्ही सर्वांनी पाहिले होते. आईने पदर डोळ्यांना लावला. आम्ही तसेच जुन्या सदऱ्यावर स्कूटर काढून चर्चला परतलो. घंटा वाजवायच्या होत्या, संध्याकाळच्या मिस्सेची तयारी होती. उदमांजराचा प्रश्न पानावर राहिला तो राहिलाच.

त्या आठवड्यात पोप महोदयांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकावर पुष्कळ बोलले गेले. आम्हीही बोललो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले आहे, की इतर प्राण्यांची किंमत ती केवळ आपल्याला उपयोगी पडतात म्हणून नाही. देवाच्या दृष्टीने त्यांना त्यांची स्वतःची किंमत आहे. व्यासपीठावरून हे वाक्य समजावून सांगताना आमच्या डोळ्यांपुढे कौलातून पडलेला उन्हाचा पट्टा येत होता आणि भावाची कणगीही येत होती. वाक्य मान्य होते. पण सोमवारी शिडीखाली उभ्या असलेल्या माणसाने नक्की काय करायचे, हे त्या एका वाक्यातून निघत नव्हते.

उपयोगाचा युक्तिवाद आम्हांला कधीच पुरेसा वाटला नाही. साप शेतकऱ्याचा मित्र आहे, हे आपण शाळेत पाठ केले, आणि त्यामुळे अनेक धामणी वाचल्या असतील, चांगलेच झाले. पण ज्याला मित्र ठरवता येत नाही, त्याचे काय? चिकू खाणाऱ्याचे, रात्री छपरावर धावणाऱ्याचे काय? उपयोगावर उभा केलेला बचाव उपयोग संपला की पडतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही आपण हे पाहतो.

दयेचेही तसेच काहीसे आहे. दया थोर आहे. एकनाथ महाराजांची गोष्ट आपल्या मराठी मुलखात लहान मुलालाही ठाऊक असते: रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. असिसीच्या संत फ्रान्सिसविषयी तर आपल्याला सांगायलाच नको. पण ही संतांची माणसे. थोरल्या भावाने संत व्हावे आणि कणगी भिजू द्यावी, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? कणगी आमची नव्हे. दुसऱ्याच्या धान्यावर आपण फार लवकर दयाळू होतो.

मंगळवारी रात्री आम्ही अनुवाद पुस्तकाचा बाविसावा अध्याय उघडला. अनेकदा वाचलेला होता, पण तो मुळात वाडीतल्या कामांचा अध्याय आहे, हे त्या रात्री प्रथम लक्षात आले. शेजाऱ्याचा बैल भटकत आला तर काय करावे, वाटेत कोणाचे गाढव बसले तर काय करावे, गच्चीला कठडा बांधावा, बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नयेत. आणि या सगळ्यांच्या मध्ये हा नियम: वाटेने जाताना झाडावर किंवा जमिनीवर पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्लांबरोबर आईलाही घेऊ नये.

नियम किती छोटा आहे पाहा. तो पिल्ले घेऊ नका असेही म्हणत नाही. पक्ष्यांवर प्रेम करा असे म्हणत नाही. आपल्या मनाला सराव व्हावा म्हणून असे करा, असेही तिथे लिहिलेले नाही. तो एवढेच सांगतो, की तुझा हक्क आहे, पण ती आई घरट्यावर बसली आहे त्या वेळी तो पुरता वापरायचा नाही. निर्गम पुस्तकात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितली आहे: गरिबांनी खावे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी खावे. तिथेही जमीन मालकाचीच राहते. तो बेदखल होत नाही. त्याला फक्त थांबायला सांगितले आहे. आपण मात्र हक्क म्हटला की तो आत्ता, सगळा आणि शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, असे धरून चालतो.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर ते खोटेपणाचे होईल. थांबणे नेहमीच शक्य नसते. दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात, आई झोपते त्या खोलीत मण्यार निघाला. तेव्हा आम्ही कोणताही अध्याय उघडला नाही. सर्पमित्राला फोन केला आणि तो येईपर्यंत दाराशी काठी घेऊन उभे राहिलो. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी माणसे होती. त्यांच्या घरच्यांना प्राण्यांच्या किमतीवर व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आणि त्या दंशावरची लस तयार होते ती घोड्यांच्या रक्तातून. त्यांना थोडे थोडे विष टोचून. तेही आपण घेतो आणि घ्यावेच लागते. म्हणून 'कोणालाच कधी दुखवू नये' असे सोपे वचन आम्ही देऊ शकत नाही.

पण उदमांजर म्हणजे मण्यार नव्हे. तिथे जीव कोणाचा जात नव्हता, गैरसोय होत होती. आपण कित्येकदा गैरसोयीला धोक्याचे नाव देतो.

हे सगळे मनात जुळवून गुरुवारी आम्ही घरी गेलो. सांगायला काही उरले नव्हते. आमच्या पाठीमागे आई आणि काका यांनी सोमवारीच निकाल लावला होता. काकांनी उरलेले पाखे चाळून घेतले आणि तो कोपरा, सुमारे दोन हात रुंदीचा, तसाच सोडला. मे सरता सरता पुन्हा येऊन तेवढा करून देतो म्हणाले. त्या परतीच्या खेपेची अर्ध्या दिवसाची मजुरी आईने आधीच त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी तत्त्वज्ञान सांगितले नव्हते. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे ते एवढेच म्हणाले, "बाळंतीण आहे, आत्ता कुठे उठवायची?"

थोरल्या भावाने कणगीवर प्लास्टिक बांधले आणि आमच्याशी कामापुरते बोलला.

पुढे जे झाले ते सांगतो. मेच्या मध्यावर एका संध्याकाळी पुतणीने ती आई आणि मागोमाग पिल्ले चिकूवर चढताना पाहिली. कोपरा मोकळा झाला होता. पण काका दुसऱ्या गावात एका छपरावर होते. आणि त्या वर्षी पाऊस थांबला नाही. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. त्याआधीच अवकाळी सरींनी वाडी भिजवली होती. न चाळलेल्या कोपऱ्यातून पाणी आले, भिंतीवरून उतरले आणि प्लास्टिकच्या खालून कणगीत शिरले. भावाने उघडून पाहिले तेव्हा तळाच्या भाताला कोंब फुटले होते. घरचे बी, वडिलांच्या वेळेपासून राखलेले. सगळे गेले नाही, पण निम्म्याहून अधिक गेले.

त्या अध्यायातल्या घरट्याच्या नियमाला एक वचन जोडलेले आहे: असे केलेस तर तुझे कल्याण होईल आणि तू दीर्घायुषी होशील. आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेला जे वचन आहे, जवळजवळ तेच. यहुदी धर्मपंडितांना याचे मोठे नवल वाटले होते: एवढ्याशा आज्ञेला एवढे मोठे वचन? त्यांच्या तालमूद या ग्रंथात एक प्रसंग येतो. बाप मुलाला म्हणतो, मनोऱ्यावर चढ आणि पिल्ले घेऊन ये. मुलगा चढतो, नियमाप्रमाणे आईला उडवून लावतो, पिल्ले घेतो. म्हणजे एका कृतीत त्याने दोन्ही आज्ञा पाळल्या, दोन्हींना दीर्घायुष्याचे वचन. उतरताना तो पडतो आणि मरतो. असे काहीतरी पाहून एलिशा बेन अबुया या विद्वानाची श्रद्धा गेली, असे सांगतात. रब्बी याकोब यांनी तीच गोष्ट पाहून म्हटले, की ते वचन या जगाविषयी नाहीच, ते येणाऱ्या जगाविषयी आहे. पण आमचे लक्ष वेधून घेतले ते त्याच चर्चेतल्या एका साध्या वाक्याने. आज्ञा पाळायला निघालेल्याला इजा होत नाही ना, मग हा कसा पडला? उत्तर असे दिले आहे: शिडी मोडकी होती.

आमच्याही बाबतीत शिडी मोडकी होती, असे आज वाटते. कणगी दुसऱ्या भिंतीला हलवायला चार माणसे आणि अर्धा तास लागला असता. सोमवारी घरात आम्ही तिघे भाऊ आणि काका, चौघेही होतो. आम्ही देकार्तपासून सुरुवात केली आणि कणगी तिथेच राहिली. आईने आणि काकांनी त्या जनावराचे देणे दिले. भावाचे देणे मात्र आमच्याकडे होते आणि ते आम्ही दिले नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही भावाला हे सांगितले. तो म्हणाला, "फादर, आता कशाला?" आईने मोगऱ्याच्या गजऱ्यांचे साठवलेले पैसे बियाण्यासाठी त्याच्यापुढे ठेवले. "कोपरा सोडायला मी सांगितलं होतं." त्याने थोडा वेळ ते पाहिले, मग निम्मे उचलले आणि निम्मे परत सरकवले. उरलेल्या घरच्या बियांचा राब त्याने वेगळा टाकला आणि पिशवीतल्या बियांचा वेगळा.

आता तो म्हणतो आहे, की पडवीवरची कौले काढून पत्रा घालायचा. दर वर्षीची कटकट जाईल, गळणार नाही, आणि काका आता थकले आहेत, हेही खरे. पत्र्याखाली उन्हाळ्यात कोणतेही जनावर राहू शकणार नाही. त्याचे छप्पर आहे आणि त्याचा खर्च आहे. त्याने आम्हांला विचारलेले नाही. आईने मात्र परवा फोनवर विचारले, की पत्रेवाल्याला कधी बोलवावे, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "थांब, आधी वर कोणी आहे का ते बघायला सांगते."